ॲरे ‘रीड-ओन्ली’ झाला, पण कोणी केला?

प्रश्न : सांगलीच्या मार्केट यार्डातील आमच्या अडत दुकानात हळदीच्या सौद्यांचा हिशेब एका लिनक्स सर्व्हरवर असतो. त्यात दोन डिस्कचा रेड-१ ॲरे (एकच मजकूर दोन्ही डिस्कवर ठेवणारी जोडी) आणि त्यावर ईएक्सटी४ ही फाइल सिस्टिम (फाइलींची मांडणी सांभाळणारी रचना) आहे. अचानक वीज गेल्यानंतर सर्व्हर सुरू केला, तेव्हा एमडीस्टॅटमध्ये (ॲरेची सद्यस्थिती दाखवणाऱ्या फाइलमध्ये) ‘ऑटो-रीड-ओन्ली’ आणि त्याखाली ‘रीसिंक=पेंडिंग’ असे दिसले. दुरुस्तीला आलेल्या गृहस्थांनी डिस्क गेल्याचे सांगितले. थोड्या वेळाने मात्र ॲरे आपोआप पूर्ववत झाला. पुढे काही दिवसांनी शेतकऱ्याची पट्टी सेव्ह करताना ‘रीड-ओन्ली फाइल सिस्टिम’ असा संदेश येऊन काम अडले. दोन्ही वेळचा बिघाड एकच आहे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : नाही. पहिल्या वेळी लेखन रोखून धरले होते ते रेडच्या ड्रायव्हरने, म्हणजे एमडीने. दुसऱ्या वेळी ते थांबवले फाइल सिस्टिमने. पहिला तर बिघाडच नव्हता.

एमडी ड्रायव्हर प्रत्येक ॲरेसाठी तीनपैकी एक स्थिती धरून चालतो : वाचन-लेखन, फक्त वाचन, आणि पहिले लेखन येईपर्यंतच फक्त वाचन. ही तिसरी स्थिती म्हणजे ऑटो-रीड-ओन्ली. ड्रायव्हरचे ‘स्टार्ट_आरओ’ हे पॅरामीटर १ असेल, तर जोडणी झालेला ॲरे याच स्थितीत उघडतो. या अवस्थेत ड्रायव्हर स्वतःचा सुपरब्लॉकही (ॲरेच्या माहितीची नोंद) डिस्कवर लिहीत नाही आणि रीसिंकही सुरू करत नाही. वीज गेल्यामुळे दोन्ही डिस्कवरील मजकूर जुळवून घेणे आवश्यक होते, परंतु लेखनाची परवानगी अजून मिळालेली नव्हती, म्हणून ‘पेंडिंग’. फाइल सिस्टिम माउंट होताच (वापरासाठी जोडली जाताच) तिने काही नोंदी लिहिल्या, त्या पहिल्या लेखनाबरोबर ड्रायव्हरने बंधन उठवले आणि रीसिंक सुरू केले. स्वॅपसाठी (मेमरी अपुरी पडल्यास वापरायच्या डिस्कवरील जागेसाठी) वेगळा ॲरे असेल आणि मेमरी पुरेशी असेल, तर तो ॲरे महिनोन्‌महिने ऑटो-रीड-ओन्ली दिसत राहतो. त्याचीही काळजी करू नये.

दुसरा प्रसंग गंभीर आहे. असा संदेश पुन्हा आला, तर सर्व्हर बंद-चालू करण्याआधी ॲरेची स्थिती, कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) लॉग आणि एमडीस्टॅट अशा तीन ठिकाणी पाहावे. सिसएफएसमधील (कर्नल आपली माहिती फाइलींच्या रूपात दाखवतो तेथील) ॲरेच्या ‘ॲरे_स्टेट’ या फाइलमध्ये ‘रीडओन्ली’ असेल, तर लेखन एमडीने थांबवले आहे आणि ‘ब्लॉकडेव्ह’ या आज्ञेचे ‘गेटआरओ’ही १ (फक्त वाचन) हेच उत्तर देईल. ‘रीड-ऑटो’ असेल, तर वरची निरुपद्रवी स्थिती. ‘क्लीन’ किंवा ‘ॲक्टिव्ह’ असेल, तर ॲरे लिहायला तयार आहे आणि अडथळा वरच्या थरात, म्हणजे ईएक्सटी४मध्ये आहे. आपल्याकडे हेच घडले असावे, असे माझे मत आहे. ‘एरर्स=रीमाउंट-आरओ’ या पर्यायाने माउंट केलेली ईएक्सटी४ स्वतःच्या रचनेत विसंगती दिसताच लेखन बंद करते आणि तशी ओळ कर्नलच्या लॉगमध्ये टाकते. त्या ओळीपेक्षा तिच्या आधीच्या ओळी अधिक महत्त्वाच्या आहेत. तेथे एखाद्या डिस्कची आय/ओ एरर (वाचन-लेखनातील चूक) आहे का, ते पाहावे. रेड-१मधील एका डिस्कवर लेखन फसले, तर एमडी सहसा ती डिस्क बाजूला काढतो आणि काम दुसरीवर चालू ठेवतो. फाइल सिस्टिमला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून एमडीस्टॅटमध्ये दोन्ही डिस्क ‘यूयू’ अशा शाबूत दिसत असतील आणि लॉगमध्ये आय/ओ एरर नसेल, तर नवी डिस्क विकत घेण्याची घाई करू नये. बॅकअप घ्यावा, फाइल सिस्टिम अनमाउंट करावी आणि मग एफएससीके (फाइल सिस्टिम तपासून दुरुस्त करणारी आज्ञा) चालवावे.

एक धोका आवर्जून सांगतो. ॲरे तपासायचा आहे म्हणून तो केवळ ‘आरओ’ पर्यायाने माउंट केला, तरी अपुरे राहिलेले जर्नल (करायच्या बदलांची आगाऊ नोंद) ईएक्सटी४ पुन्हा चालवते. ते लेखनच असते, त्यामुळे ऑटो-रीड-ओन्ली सुटते, रीसिंक सुरू होते आणि एका डिस्कवरचा मजकूर दुसरीवर उतरू लागतो. दोन्ही डिस्क आहे त्या अवस्थेत पाहायच्या असतील, तर माउंट करण्यापूर्वी एमडीॲडम या ॲरे हाताळणाऱ्या आज्ञेच्या ‘--रीडओन्ली’ने ॲरेवरील लेखन पक्के बंद करावे, मग माउंट करताना ‘आरओ,नोलोड’ (फक्त वाचन, जर्नल न चालवता) हे पर्याय द्यावेत.

प्रश्न : ऑटो-रीड-ओन्लीतून वाचन-लेखनात जाण्याचे हे स्थित्यंतर ड्रायव्हरच्या आत घडताना पाहता येईल का?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, सातारा

उत्तर : येईल, आणि त्यासाठी खऱ्या डिस्कची गरज नाही. दोन रिकाम्या फाइली लूप डिव्हाइस म्हणून (फाइललाच डिस्क मानून) जोडून त्यांचा रेड-१ तयार करा आणि पहिले रीसिंक पूर्ण होऊ द्या. मग ‘ॲरे_स्टेट’मध्ये ‘रीड-ऑटो’ लिहा. ॲरे माउंट असेल, तर ड्रायव्हर ‘बिझी’ म्हणून नकार देईल. कर्नलच्या डायनॅमिक डीबगमध्ये (तपासणीचे संदेश हवे तेव्हा चालू करण्याच्या सोयीत) ‘एमडी.सी’ या फाइलचे संदेश चालू करा, ‘डीडी’ या कॉपी करणाऱ्या आज्ञेने एकच ब्लॉक लिहा आणि ‘ॲरे_स्टेट’ लगेच पुन्हा वाचा. ‘ॲक्टिव्ह’ दिसण्याची वेळ फार थोडी असते, कारण लेखन थांबल्यावर साधारण 200 मिलिसेकंदांत ड्रायव्हर ॲरेला पुन्हा ‘क्लीन’ ठरवतो; हे अंतर ‘सेफ_मोड_डिले’मध्ये वाढवून ठेवा. कोड वाचताना ‘एमडी_राइट_स्टार्ट’ या फंक्शनपासून सुरुवात करा. बंधन उठवणे आणि रीसिंकची गरज नोंदवून थ्रेडला जागे करणे, ही दोन्ही कामे तेथे लागोपाठच्या ओळींत सापडतील.