सर्व्हर म्हणतो ‘ॲक्टिव्हेटेड’, पण परवाने तीसच

प्रश्न : सातारा एमआयडीसीत आमची सुटे भाग बनवणारी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. २०१९ मध्ये विंडोज ७ प्रो असलेल्या ३० ब्रँडेड संगणकांसाठी आम्ही विंडोज १० प्रोचे अपग्रेड आणि ऑफिस स्टँडर्ड यांचे प्रत्येकी ३० व्हॉल्यूम (कंपन्यांना एकगठ्ठा मिळणारे) परवाने घेतले. नंतर ११ असेंबल केलेले संगणक आणि विक्री विभागासाठी विंडोज होम असलेले ६ लॅपटॉप आले. आज सगळे ४७ ‘ॲक्टिव्हेटेड’ दाखवतात. लॅपटॉपवर एएमसीवाल्याने (संगणकांच्या वार्षिक देखभालीचं कंत्राट असलेल्याने) प्रो आणि ऑफिस टाकून ‘ॲक्टिव्हेटर’ चालवल्याचं आता कळलं. सॉफ्टवेअर कंपनीच्या वतीने एका लॉ फर्मचं पत्र आलं आहे : किती संगणक, किती परवाने याचा तक्ता दहा दिवसांत भरून द्या. एएमसीवाला म्हणतो, रविवारी सगळं फॉरमॅट मारू, मागच्या तारखेचं बिलही देतो. काय करावं?

उत्तर : रविवारी एकाही मशीनला हात लावू देऊ नका आणि ते बिल तर मुळीच घेऊ नका. पुरावा म्हणून कोर्टापुढे येऊ नये या हेतूने इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली स्वतंत्र गुन्हा आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. आणि बिलावर तारीख कुठलीही घातली, तरी तुमच्या जीएसटीआर-२बीमध्ये (जीएसटी पोर्टलवरच्या तुमच्या खरेदी बिलांच्या विवरणात) ते दिसणार एएमसीवाला रिटर्न भरेल तेव्हाच. आज तुमच्याकडे परवान्यांची तूट आहे. त्या बिलाने त्यात बनावट दस्तऐवजाची भर पडेल.

सगळा घोळ ‘ॲक्टिव्हेटेड’ या एका शब्दामुळे झाला आहे. तुमच्या सर्व्हरवर केएमएस (की मॅनेजमेंट सर्व्हिस) आहे, म्हणजे ऑफिसातले संगणक एकाच जागेवरून ॲक्टिव्हेट करणारी सेवा. विंडोजचे किमान २५ संगणक संपर्कात आले की तो ॲक्टिव्हेशन देऊ लागतो, ऑफिससाठी ही संख्या ५ आहे. त्यानंतर तुम्ही किती परवाने विकत घेतले हे तो पाहतच नाही. ३१ वा आला, ४१ वा आला, सगळ्यांना हो म्हणतो. सर्व्हरने होकार दिला म्हणजे परवाना मिळाला, असं कायदा मानत नाही. परवाना म्हणजे करार, त्याचा क्रमांक आणि बिल.

लॅपटॉपवर ॲक्टिव्हेटर का चालवला, त्याचं कारणही यातच असावं. केएमएसचं ॲक्टिव्हेशन १८० दिवस टिकतं. संगणक दर सात दिवसांनी १६८८ या पोर्टवर सर्व्हरला गाठून ते ताजं करून घेतो. विक्रीची माणसं सहा-सहा महिने फिरतीवर असली की मुदत संपते आणि पडद्यावर सूचना येऊ लागते. इथे व्हीपीएन (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारी सोय) द्यायचं असतं, किंवा एकदाच ॲक्टिव्हेट होणारी एमएके की वापरायची असते, अर्थात परवाना विकत घेऊनच. ॲक्टिव्हेटर हा लॅपटॉपवरच खोटा केएमएस सर्व्हर उभा करतो.

आता हिशेब. जुन्या ३० संगणकांची बाजू भक्कम आहे, पण एक अट आहे. विंडोजचा व्हॉल्यूम परवाना फक्त अपग्रेडचा असतो, त्याखाली मूळ प्रो परवाना लागतो. त्याचा पुरावा म्हणजे कॅबिनेटवरचं विंडोज ७ चं स्टिकर. प्रत्येक स्टिकरचा मशीनच्या सिरियल नंबरसह फोटो काढा. यातला एखादा भंगारात देऊन त्या जागी दुसरा आणला असेल, तर विंडोजचा परवाना त्याच्यासोबत गेला. ऑफिसचा मात्र दुसऱ्या संगणकावर नेता येतो, ९० दिवसांतून एकदा. असेंबल केलेल्या ११ संगणकांखाली मूळ विंडोजच नाही, म्हणून नुसतं अपग्रेड घेऊन भागणार नाही, पूर्ण परवाने लागतील. ६ लॅपटॉपचं होम खरं आहे, पण व्हॉल्यूम अपग्रेडला होम चालत नाही. एक तर त्यांचं होम परत आणा, नाहीतर होमवरून प्रोचा वेगळा परवाना घ्या. ऑफिसची तूट सरळ १७ ची.

नोंद अशी करा. प्रत्येक संगणकावर ‘एसएलएमजीआर /डीएलव्ही’ (slmgr /dlv) ही आज्ञा चालवून त्या खिडकीचा फोटो घ्या : परवान्याचा प्रकार, कीची शेवटची पाच अक्षरं, केएमएस सर्व्हरचं नाव. लॅपटॉपवर त्या नावाच्या जागी १२७ ने सुरू होणारा (म्हणजे लॅपटॉपचा स्वतःचाच) किंवा अनोळखी पत्ता दिसला तर नवल नाही. ऑफिससाठी ‘ओएसपीपी’ (ospp.vbs) स्क्रिप्ट ‘/डीस्टेटस’ (/dstatus) लावून चालवा. सर्व्हरवरचा ‘करंट काउंट’ (संपर्कात आलेल्या संगणकांची मोजणी) पुरावा म्हणून धरू नका, विंडोजसाठी तो ५० च्या पुढे मोजतच नाही. त्याऐवजी केएमएसच्या इव्हेंट लॉगमधल्या १२२९० क्रमांकाच्या नोंदी एक्स्पोर्ट करा, त्यात संगणकांची नावं आणि वेळा असतात. सहाही लॅपटॉपच्या डिस्कची इमेज (हुबेहूब प्रत) काढून सीलबंद ठेवा आणि मगच ॲक्टिव्हेटर काढा. तोवर ते लॅपटॉप बंद.

हे बंद ठेवणं महत्त्वाचं आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ चं कलम ६३ब संगणक प्रोग्रॅमची बेकायदा प्रत ‘जाणूनबुजून’ वापरण्याबद्दल आहे : किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड. आजवर माहीत नव्हतं, हे तुम्ही सांगू शकता. पत्र वाचल्यानंतरच्या वापराला ते लागू होणार नाही. ॲक्टिव्हेटरमुळे कलम ६५अ देखील पुढे येऊ शकतं, कारण ते तांत्रिक संरक्षण तोडण्याबद्दल आहे. कलम ६९ खाली कंपनीचा कारभार पाहणारी व्यक्ती स्वतः जबाबदार धरली जाते. मला माहिती नव्हती किंवा मी योग्य ती खबरदारी घेतली, हे तिलाच सिद्ध करावं लागतं. म्हणून एएमसीचा करार, त्याची बिलं आणि व्हॉट्सॲपवरचे निरोप जपा.

पत्र म्हणजे कोर्टाचा आदेश नव्हे, तरी गप्प बसू नका. गप्प बसलात तर समोरचा थेट कोर्टात जाऊन तुम्हाला न ऐकताच कोर्ट कमिशनर (कोर्टाच्या वतीने तपासणी करणारी व्यक्ती) नेमून घेऊ शकतो, आणि मग तपासणी तुमच्या वेळेने होणार नाही. वकिलामार्फत, हक्क अबाधित राखून, मुदतीत उत्तर द्या : अधिकारपत्राची प्रत द्या, कोणत्या करारातल्या कोणत्या कलमाखाली माहिती मागता ते सांगा, आम्हाला ३० दिवस हवेत. व्हॉल्यूम करारात बहुधा तपासणीचं कलम असतं. तसं असेल तर माहिती देणं भाग आहे. नसेल तर तक्ता भरणं ऐच्छिक आहे. तूट ठरावीक टक्क्यांच्या वर गेली तर तपासणीचा खर्च आणि वाढीव दर भरावा लागेल, असंही त्यात लिहिलेलं असू शकतं. ते आधी वाचा. कोणत्याही परिस्थितीत अर्धवट किंवा खोटा आकडा लिहू नका आणि एएमसीवाल्याला त्यांच्याशी फोनवर बोलू देऊ नका.

नोंद पूर्ण झाली की तुटीचे परवाने आजच्या तारखेने, अधिकृत विक्रेत्याकडून घ्या. बिलावर उत्पादन, आवृत्ती आणि संख्या हवी. ऑनलाइन मिळणारी पाचशे रुपयांची नुसती की म्हणजे परवाना नव्हे. खरेदीने मागचा वापर पुसला जात नाही, त्यासाठी तडजोड करावी लागेल. मसुद्यात तीन गोष्टी असल्याशिवाय सही करू नका : सहीच्या तारखेपर्यंतच्या सर्व वापराबद्दल पूर्ण मुक्तता, ती कंपनीबरोबर संचालक आणि कर्मचाऱ्यांनाही लागू, आणि गुन्हा कबूल केल्याचं एकही वाक्य नाही. लॅपटॉपच्या सीलबंद इमेज या सहीनंतरही तुमच्या वकिलाच्या ताब्यात राहू द्या.