नव्या रीइश्यू (जुन्या अल्बमच्या नव्याने काढलेल्या) रेकॉर्डवर शेवटच्या गाण्यातच 'स'चा आवाज फाटतो. दोष प्रेसिंगचा (रेकॉर्ड छापण्याचा) की सुईचा?

बहुधा सुईचा; निदान आधी तिच्याकडे बघा. ३३⅓ आरपीएमला (मिनिटाला तेवढे फेरे) बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंमी खाच सरकते, लेबलजवळ, म्हणजे शेवटच्या गाण्यापाशी, जेमतेम २१. तिथे 'स'ची बारीक वळणं इतकी दाटीने बसतात की गोल टोकाच्या सुईला ती पकडताच येत नाहीत. सुई ब्रशने मागून पुढे साफ करा, सुईचा रेकॉर्डवरचा भार शिफारशीच्या वरच्या टोकाकडे न्या (१.८ ते २.२ ग्रॅम असेल तर २.१), मग प्रोट्रॅक्टरवर (सुईचा कोन तपासायच्या पट्टीवर) अलाइनमेंट, म्हणजे सुई खाचेत सरळ बसते का, ते तपासा. एवढं करून पहिल्या गाण्यातही 'स' फाटला, तर मात्र कटिंगवरच (मूळ तबकडीवर खाच कोरण्यावरच) संशय घ्या. आणि एकाच बाजूच्या स्पीकरमधून कापड फाडल्यासारखी चरचर येत असेल, तर ते बहुधा नॉन-फिल: खाचेत व्हिनाइल पूर्ण भरलेलंच नाही. धुऊन ते जात नाही, रेकॉर्ड बदलूनच घ्या.