बारावीला बायो सोडलं, मग बायोइंजिनियरिंगला प्रवेश मिळेल का?

“बारावीला बायो घेतलं नव्हतं. आता बायोइंजिनियरिंगच्या मास्टर्सला मला कोण घेणार?” उच्च शिक्षणाच्या प्रवेशांबाबत मी सल्ला देते. हा प्रश्न माझ्याकडे दर पावसाळ्यात येतो, कारण तेव्हाच गेटच्या, म्हणजे एमटेकच्या प्रवेशपरीक्षेच्या, अर्जांची आणि परदेशी प्रवेशांची धावपळ सुरू होते. विचारणारी मुलं इलेक्ट्रॉनिक्सची, मेकॅनिकलची, केमिकलची. उलट बाजूची मुलंही येतात. त्यांनी मायक्रोबायोलॉजी केलेलं असतं आणि गणित अकरावीतच सोडलेलं असतं. दोघांनाही वाटतं की आपल्या हातात अर्धंच आहे आणि निवड करणाऱ्यांना अख्खं हवंय.

डोंबिवलीच्या एका मुलीची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

ती मुंबई विद्यापीठाची बीई, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन. सीजीपीआय (सरासरी गुणांक) ७.२, एम-थ्रीला (गणिताच्या तिसऱ्या पेपरला) एक केटी, म्हणजे नापास होऊन पुन्हा द्यावा लागलेला पेपर. ऐरोलीतल्या एका आयटी कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी. आई महापालिकेच्या रुग्णालयात परिचारिका. बाबा सोबत आले होते आणि बराच वेळ गप्प होते. तिने एसओपी, म्हणजे अर्जासोबतचं ‘मला हे का शिकायचंय’ सांगणारं निवेदन, छापून आणला होता. पहिल्याच ओळीत लहानपणापासून मानवी शरीराचं वाटणारं कुतूहल होतं. असं वाक्य मी इतक्या अर्जांत वाचलंय की त्यावरून मुलगी कोण, हे काहीच कळत नाही. मी तो कागद बाजूला ठेवला आणि फायनल इयरचा प्रोजेक्ट विचारला.

“तो सगळेच करतात मॅडम. मॅक्स ३०१०२ सेन्सर लावून पल्स ऑक्सिमीटर.”

“त्यात अडलं कुठे?”

इथून पुढे ती वेगळ्याच आवाजात बोलायला लागली. बोट जरा हललं की आकडा वरखाली व्हायचा. फिल्टर लावला तर ठोक्याची लाटही सपाट व्हायची. घरी आईला सांगितलं तेव्हा आई म्हणाली, “अगं, वॉर्डात रोजचंच आहे. पेशंटचे हात गार पडले की मशीन नीट दाखवत नाही. आम्ही हात चोळतो, बोट बदलतो, कानाला लावून बघतो.” रिपोर्टमध्ये यातलं काय लिहिलंस, असं मी विचारलं. काहीच नाही. ‘त्रुटी’ या मथळ्याखाली दोन ओळी.

माझ्या मते तिचा अर्ज त्या दोन ओळींत होता. बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचं हे तंत्र मुळात अशाच अडचणीतून आलं. पल्स ऑक्सिमेट्रीची कल्पना १९७०च्या दशकात जपानच्या ताकुओ आओयागी यांना सुचली. ते शिक्षणाने विद्युत अभियंते. कानाच्या पाळीतून प्रकाश सोडून, रक्तात टोचलेल्या रंगाच्या साहाय्याने हृदय किती रक्त बाहेर टाकतं ते मोजायचा त्यांचा प्रयत्न होता आणि नाडीच्या ठोक्यांची लाट मध्ये येऊन मोजमाप बिघडवत होती. ती पुसून टाकायच्या खटपटीत त्यांच्या लक्षात आलं की रक्तातला ऑक्सिजन या लाटेवरूनच मोजता येईल. आजही हा विषय संपलेला नाही. २०२० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलं की कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये ऑक्सिजन खरोखर कमी असूनही यंत्र तो पुरेसा दाखवण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांच्या जवळजवळ तिप्पट होतं. सावळ्या माणसांच्या आपल्या देशात हा प्रश्न किती जवळचा आहे, हे तिला समजावून सांगावं लागलं नाही.

मग आम्ही गेटचा अभ्यासक्रम उघडला. बायोमेडिकल इंजिनियरिंगचा बीएम हा स्वतंत्र पेपर २०२० पासून आहे. त्यात अभियांत्रिकी गणित, सर्किट्स, सिग्नल्स अँड सिस्टिम्स, अ‍ॅनालॉग आणि डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स, मोजमाप आणि नियंत्रण, सेन्सर्स हे सगळं आहे. नवीन काय, तर शरीररचना आणि शरीरक्रियाशास्त्र, मेडिकल इमेजिंग, बायोमेकॅनिक्स, बायोमटेरियल्स. तिने पेन्सिलीने खुणा केल्या. निम्म्याहून जास्त विषय तिचेच निघाले. बाबा तेव्हा पहिल्यांदा बोलले, “म्हणजे हिला डॉक्टरकीचं पहिल्यापासून शिकावं लागणार नाही?” नाही. हृदय, फुप्फुसं, मज्जासंस्था नीट समजून घ्यावी लागेल. त्याला काही महिने लागतात, पाच वर्षं नाही.

हे क्षेत्र एकट्याच्या अंगात सगळं असावं अशा अपेक्षेवर उभंच नाही. पवईच्या आयआयटीतल्या बायोसायन्सेस अँड बायोइंजिनियरिंग विभागातून सुरू झालेल्या कामातून, टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांच्या साथीने, रक्ताच्या कर्करोगावरची नेक्सकार१९ ही भारतीय कार-टी उपचारपद्धती (रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी बदलून कर्करोगाशी लढवणारी) तयार झाली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला मान्यता मिळाली. प्रयोगशाळा आणि वॉर्ड दोन्हीकडची माणसं नसती तर ती रुग्णापर्यंत पोचली नसती.

केटीचं तिला फार ओझं होतं. ती लपवायची कशी, हाच तिचा प्रश्न होता. गुणपत्रिकेवर आहे ते लपत नाही आणि एसओपीत त्यावर परिच्छेद खर्च करू नये. मी सुचवलं ते एवढंच: एनपीटीईएलवर (आयआयटींसारख्या संस्थांचे ऑनलाइन कोर्स तिथे असतात) लिनियर अल्जिब्राचा कोर्स घे, केंद्रावर जाऊन परीक्षा दे, आणि एका वाक्यात दोन्ही गोष्टी लिही. तिने तेच केलं.

शिफारसपत्रांबाबत मात्र मला हट्ट धरावा लागला. तिला प्राचार्यांचं पत्र हवं होतं, कारण पद मोठं. ज्या मॅडमनी प्रोजेक्टच्या वेळी संध्याकाळी लॅब उघडी ठेवली, त्यांचं पत्र तिला ‘साधं’ वाटत होतं. प्राचार्य लिहिणार ‘हुशार आणि मनमिळाऊ’. लॅबच्या मॅडम लिहिणार की या मुलीने सेन्सरवरचा दाब बदलून पाहिला, नोंदी ठेवल्या, चुकलं तिथे पुन्हा केलं. निवड समितीला दुसऱ्या पत्रातून माणूस दिसतो.

पैशांचा प्रश्न बाबांचा होता आणि तो रास्तच होता. परदेशी शिक्षण म्हणजे घरावर कर्ज, असंच त्यांनी ऐकलेलं. अमेरिकेत एमएस बहुधा स्वतःच्या पैशांनी करावं लागतं. पीएचडीला मात्र बहुतेक ठिकाणी फी माफ होते आणि खर्चापुरता स्टायपेंडही मिळतो. चार वर्षांच्या बीईनंतर तिथे थेट अर्ज करता येतो, हे अनेक घरांत माहीत नसतं. अर्जांची मुदत साधारण डिसेंबरात असते, आणि आर्थिक मदतीसह आलेल्या प्रवेशाला उत्तर द्यायला बऱ्याच विद्यापीठांत १५ एप्रिलपर्यंत वेळ मिळतो. कित्येक विभागांनी जीआरई या प्रवेशपरीक्षेची अटही काढली आहे. पण संशोधनाचा अनुभव नसताना तो दरवाजा जड असतो. म्हणून मी तिला इथल्या एमटेकला पहिलं प्राधान्य द्यायला सांगितलं. गेटच्या गुणांवर प्रवेश मिळाल्यास महिना १२,४०० रुपये स्टायपेंड असतो. मुंबईत त्यावर एकटीचं भागत नाही, पण घरी कर्ज मागावं लागत नाही.

तिने दोन्हीकडे अर्ज केले. अमेरिकेतून सगळीकडून नकार आले. ती दोन दिवस फोन उचलत नव्हती. गेटचे गुण ठीकठाक होते, फार वर नाहीत. एका संस्थेने मुलाखतीला बोलावलं आणि तिथे तिला विचारलं की ऑक्सिमीटरचा आकडा बरोबर आहे हे ठरवतात कशावरून. तिला येत होतं, कारण आईच्या वॉर्डातलं ऐकल्यापासून ती तेच वाचत होती: निरोगी स्वयंसेवकांना कमी ऑक्सिजनची हवा देऊन त्यांची पातळी सत्तर टक्क्यांपर्यंत खाली आणतात आणि धमनीतल्या रक्ताच्या तपासणीशी यंत्राचा आकडा ताडून पाहतात. पुढचा प्रश्न मूत्रपिंडाचा होता, तो तिला आला नाही, आणि तिने तसं सांगितलं. पहिल्या फेरीत नाव नव्हतं. नंतरच्या फेरीत आलं.

बाबांचा शेवटचा प्रश्न नोकरीचा. मी त्यांना गोड चित्र दाखवलं नाही. वैद्यकीय उपकरणांचा मोठा भाग आपण आजही आयात करतो, त्यामुळे आयटीसारख्या ढिगाने जागा निघत नाहीत आणि सुरुवातीचा पगार तिच्या ऐरोलीच्या नोकरीपेक्षा फार वेगळा नसेल. पण २०१७चे वैद्यकीय उपकरण नियम आल्यापासून चाचणी, गुणवत्ता आणि परवान्यांच्या कामाला जाणकार माणसं लागतात, आणि टेस्टिंगमधली तिची वर्षं तिथे उपयोगी पडतील.

गणित सोडलेल्या मुलींनी वाट थोडी वळवून घ्यावी. गेटमधला बायोटेक्नॉलॉजीचा बीटी पेपर किंवा बायोटेक्नॉलॉजीच्या पदव्युत्तर प्रवेशाची जीएटी-बी परीक्षा पाहावी, कोणत्या संस्थेत काय चालतं ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतच तपासावं, आणि डिफरन्शियल इक्वेशन्स व थोडं पायथन आत्तापासून हातात घ्यावं. रोज तासभर दिला तर अर्ज भरेपर्यंत बरंच अंतर कापलं जातं. आणि येताना एसओपी आणू नका. प्रोजेक्टची किंवा प्रॅक्टिकलची वही आणा.