दोघांच्या घराला कॉस्टकोची मेंबरशिप परवडते का?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही दोघं चार महिन्यांपूर्वी पुण्याहून न्यू जर्सीला आलात, एका बेडरूमचं अपार्टमेंट आहे, गाडी नुकतीच घेतलीय आणि ओळखीतली सगळी मराठी मंडळी ‘आधी कॉस्टकोची मेंबरशिप घ्या’ म्हणून मागे लागलीत. कॉस्टको म्हणजे वर्षाची फी भरणाऱ्या मेंबरांना मोठमोठ्या पाकिटांत घाऊक माल विकणारं दुकान. वर्षाचे ६५ डॉलर वसूल होतात का, असा तुमचा प्रश्न आहे.

मी २०११ पासून एडिसनच्या आसपास राहते. पहिली काही वर्षं आम्हीही दोघंच होतो, आता चौघं आहोत. फी वसूल होणं फारसं अवघड नाही. माझं नुकसान व्हायचं ते मी घरी आणून टाकून दिलेल्या मालात, आणि ते कुठल्याच पावतीवर दिसत नाही. म्हणून तुमच्या घरात काय संपतं आणि किती दिवसांत संपतं, एवढ्या एका गोष्टीवरून ठरवा.

आधी फीचं बोलू. सप्टेंबर २०२४ पासून साधी मेंबरशिप ६५ डॉलर आणि एक्झिक्युटिव्ह १३० डॉलर आहे. एक्झिक्युटिव्हवाल्यांना वर्षाच्या खरेदीचे २ टक्के परत मिळतात. म्हणजे वरचे ६५ डॉलर भरून यायला वर्षाला ३,२५० डॉलरची खरेदी हवी, महिन्याला साधारण २७०. पेट्रोल त्यात धरत नाहीत. दोघांच्या घरानं या भानगडीत पडू नये. काउंटरवर आग्रह होईल, हसून ‘नको’ म्हणा. साध्या मेंबरशिपवरही त्याच पत्त्यावरच्या दुसऱ्या माणसाला फुकट कार्ड मिळतं, तेवढं दोघांना पुरे.

पेट्रोलचं मात्र नीट बघा. तुमच्या नेहमीच्या पंपापेक्षा कॉस्टकोच्या पंपावर गॅलनमागे वीस सेंट कमी असतील आणि तुम्ही महिन्यातून दोनदा बारा गॅलन भरत असाल, तर वर्षाला जवळजवळ ५८ डॉलर वाचतात. फी जवळपास तिथेच निघाली. पण पंप तुमच्या रोजच्या वाटेवर हवा. मुद्दाम पंधरा मैल जाऊन रांगेत वीस मिनिटं उभं राहणार असाल तर हा हिशोब सोडून द्या. आणि क्रेडिट कार्ड फक्त व्हिसा चालतं, दुसरं कुठलं असेल तर आधीच सोय करून ठेवा.

हे दुकान चालतं कसं, ते कळलं की मोह बराच आवरतो. १९७६ साली सोल प्राइस यांनी सॅन डिएगोत प्राइस क्लब सुरू केला, तो छोट्या दुकानदारांना आणि धंदेवाल्यांना घाऊक माल मिळावा म्हणून. कॉस्टको १९८३ मध्ये सिएटलला सुरू झालं आणि १९९३ मध्ये दोन्ही एक झाले. पाकिटं एवढी मोठी का, याचं उत्तर मला या इतिहासात दिसतं: ही मापं मुळात घरासाठी नव्हतीच. सुपरमार्केटात तीसेक हजार जिनसा असतात, इथे जेमतेम चार हजार. बाहेरच्या ब्रँडवर १४ टक्क्यांच्या वर आणि त्यांच्या स्वतःच्या कर्कलंड मालावर १५ टक्क्यांच्या वर नफा चढवायचा नाही, असा त्यांचा नियम आहे. २०२४च्या आर्थिक वर्षात निव्वळ नफा सुमारे ७.४ अब्ज डॉलर होता आणि नुसत्या मेंबरशिप फीचं उत्पन्न ४.८ अब्ज. म्हणजे कमाईचा मोठा भाग फीतूनच येतो, म्हणून भाव खरोखर कमी असतात, त्यात फसवणूक नाही. पण आत शिरल्यावर समोर टीव्ही असतो आणि दूध-अंडी पार मागच्या भिंतीला. कुठल्या रांगेत काय आहे याच्या पाट्याही नाहीत. दूध आणायला गेलेला माणूस अर्धं दुकान बघूनच परत येतो.

आमचं पहिलं वर्ष असंच गेलं. पालकाची भली मोठी पिशवी चार डॉलरच्या आसपास मिळायची. पहिल्या दिवशी डाळ-पालक, दुसऱ्या दिवशी पराठे, तिसऱ्या दिवशी दोघांनाही नको व्हायचं आणि पाचव्या दिवशी पिशवीच्या तळाशी काळपट पाणी. एक महिना मी टाकलेल्या गोष्टी फ्रिजवर कागद लावून लिहून काढल्या: पालक अर्धा, मश्रूम पाव, ब्रेडचं दुसरं पाकीट, तीन संत्री. त्या कागदानं माझे डोळे उघडले. अर्धा टाकला तर पालक चारचा आठला पडतो, आणि त्या भावात कोपऱ्यावरच्या दुकानात दोन ताज्या जुड्या मिळाल्या असत्या.

जागेचाही हिशोब करा, तो कुणीच करत नाही. आमचं पहिलं घर साडेसहाशे चौरस फुटांचं, भाडं तेराशे. म्हणजे एका चौरस फुटाला महिन्याला दोन डॉलर. किचन टॉवेलचे गठ्ठे, साबणाचे डबे आणि पाण्याच्या बाटल्या मिळून बेडरूमच्या कोपऱ्यात सहा चौरस फूट अडकले होते. महिन्याचे बारा डॉलर, वर्षाचे १४४. टॉवेलवर तेवढे वाचलेच नव्हते. बेसमेंट किंवा गॅरेज असलेल्या मित्राचा सल्ला एका बेडरूमच्या घराला लागू पडत नाही तो इथे.

आता जे खरंच परवडतं ते सांगते. सगळ्यात वर माझ्या यादीत बिनमिठाचं बटर. चार पौंडांचा खोका येतो. अमेरिकेत बटरमध्ये किमान ८० टक्के स्निग्धांश असावा असा कायदाच आहे, त्यामुळे चार पौंडांतून, म्हणजे साधारण अठराशे ग्रॅममधून, साधारण चौदाशे ग्रॅम तूप निघतं. जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवायचं. आधी पांढरा फेस येतो, मग तडतड सुरू होते. ती तडतड थांबत आली आणि तळाला बेरी बदामी दिसायला लागली की गॅस बंद करून एक विड्याचं पान टाकायचं. गाळलं की तीन बरण्या भरतात. घरभर आजीच्या स्वयंपाकघराचा वास येतो. दोघांना ते तूप तीन-चार महिने आरामात जातं, बाहेर ठेवलं तरी बिघडत नाही. तयार तुपाच्या बाटलीशी भाव ताडून बघा, एवढ्या एका गोष्टीवर तुम्हाला फरक कळेल. बेरीत साखर घालून खा, ती कुठल्याच दुकानात मिळत नाही.

दुसरं म्हणजे बदाम, काजू, अक्रोड, पिस्ते. फ्रीजरमध्ये ठेवले तर महिनोन्महिने खवट होत नाहीत. भारतात जाताना प्रत्येक मराठी घराच्या बॅगेत बदाम-पिस्त्यांच्या पिशव्या असतात, त्या बहुतेक इथूनच गेलेल्या. श्रीखंडासाठी ग्रीक योगर्टही इथलंच घेते. ते आधीच निथळलेलं असतं, रात्रभर फडक्यात टांगायची गरज नाही. पण सणाला किंवा चार माणसं येणार असतील तेव्हाच, कारण डबे मोठे असतात. कपड्यांचा साबण, टूथपेस्ट, टायर, चष्मा, हेही चांगलं पडतं. पुढे घरात बाळ आलं तर डायपरवर वर्षाची फी सहज निघेल.

घेऊ नका अशा गोष्टी: मसाले (वास उडतो), दोघांसाठी तेलाचे मोठे कॅन, कणकेची मोठी गोणी. इथल्या उन्हाळ्यात कणकेत पोरकिडे होतात. तूरडाळ, पोहे, इंद्रायणी, गोडा मसाला यासाठी एडिसनच्या ओक ट्री रोडवरच्या इंडियन दुकानांत जावंच लागतं. म्हणजे कॉस्टको घेतलं तरी इंडियन ग्रोसरीची फेरी सुटत नाही, हे धरून चाला.

एका गोष्टीनं मात्र आमचं चित्र पालटलं. खालच्या मजल्यावर एक तेलुगू जोडपं राहायचं, तेही दोघंच. एका शनिवारी तिनं विचारलं, ‘अर्धे अर्धे करायचे का?’ आमच्या टेबलावर वजनकाटा ठेवला आणि कांद्याची दहा पौंडांची पिशवी, अंडी, बदाम, साबणाच्या वड्या असं सगळं वाटून घेतलं. मला एकदम डोंबिवलीचं घर आठवलं. आई मुंबई ग्राहक पंचायतीच्या संघात होती. १९७५ पासूनची ही संस्था. आमच्या इमारतीतली घरं मिळून एक संघ होता. महिन्याची यादी आधीच भरून द्यायची, माल कुणा एकाच्या घरी उतरायचा आणि सगळ्यांनी मिळून वाटप करायचं. साखर, डाळ, साबण यांचे ढीग हॉलमध्ये आणि बायका हातात यादी घेऊन टिक करतायत, हे मी लहानपणापासून बघितलेलं. घाऊक भावाचा फायदा आईलाही मिळत होता, पण तिची यादी घरी बसून, डबे उघडून बघून, शांतपणे लिहिलेली असायची. समोर रचलेला ढीग बघून तिनं कधी काही घेतलं नाही.

तेव्हापासून मी तसंच करते. शुक्रवारी रात्री डबे बघून यादी लिहिते आणि यादीत नसलेली एकच वस्तू घ्यायची मुभा ठेवते. मुलं ती मुभा वापरतात, चालतं. मेंबरशिप कार्ड दुसऱ्याला देता येत नाही, ते नियमात बसत नाही, पण घरी आणलेला माल कुणाबरोबर वाटून घ्यायचा हा तुमचा प्रश्न आहे. तुमच्या इमारतीत असं एखादं घर असेल तर दोघांच्या घरालाही कॉस्टको छान परवडतं. नसेल तर मी म्हणेन, वर्षभर थांबलात तरी काही बिघडत नाही.

ठरवण्याआधी एक करा. मेंबर आपल्याबरोबर दोन पाहुणे नेऊ शकतो. एखाद्या मित्राबरोबर रिकाम्या हातानं जा, खरेदी करू नका. तुम्ही दर महिन्याला नक्की संपवता अशा पंधरा वस्तूंची यादी न्या आणि प्रत्येकीचा दर लिहून आणा. भावाच्या पाटीवर बारीक अक्षरात एककाचा दरही असतो, तो बघा. इथे औंसाचा दर आणि सुपरमार्केटात पौंडाचा असं बरेचदा होतं. सोळा औंसांचा एक पौंड, तेवढा गुणाकार करा. सुपरमार्केटच्या सेलमध्ये काही वस्तू कॉस्टकोपेक्षा स्वस्त असतात, आणि कंपन्यांची कूपनं कॉस्टकोत चालत नाहीत. पंधरापैकी सात-आठ वस्तूंवर ठळक फरक दिसला, आणि त्या सगळ्या टिकणाऱ्या असल्या, तर मेंबरशिप घ्या. भावाचा शेवट ९७ सेंटनं होत असेल तर तो माल काढून टाकायला स्वस्त केलेला असतो. पाटीच्या कोपऱ्यात चांदणी असेल तर तो पुन्हा मागवणार नाहीत. या दोन खुणा पुढे कामाला येतील.

आणि घेऊन पस्तावलात तरी घाबरू नका. मेंबरशिप कधीही रद्द केली तर पूर्ण फी परत देतात. काउंटरवर जाऊन सांगायचं, बस. जमलं तर कामाच्या दिवशी संध्याकाळी जा, रविवारी दुपारी मुळीच नको. कापडी पिशव्या घरून न्या, तिथे पिशव्या मिळत नाहीत, रिकामे खोके मिळतात. दारात पावती बघून तिच्यावर मार्करनं रेघ ओढतात, तुमच्यावर संशय घेतला असं वाटून घेऊ नका, ते सगळ्यांचंच बघतात. आमच्या धाकटीच्या हातात पावती असेल तर पावतीच्या मागे हसरा चेहरा काढून देतात.

पंधरा वस्तूंची यादी करून झाली की इथेच खाली लिहा. मी या शनिवारी जाणार आहे, माझ्याकडचे दर तुमच्यासाठी लिहून आणते.