86 वर्षांच्या आजोबांचं मणक्याचं ऑपरेशन करावं का? घरचे म्हणतात, या वयात कापाकापी नको.

घरच्यांचं हे वाक्य मी आमच्याकडे दोन वर्षं ऐकलंय, म्हणून लिहायला बसले.

आम्ही खानापूर तालुक्यातले. आई तेव्हा 83 वर्षांची. घरापासून मारुतीचं देऊळ जेमतेम दोनशे पावलं, पण वाटेत तिला तीनदा टेकायला लागायचं. गिरणीची पायरी, शेजाऱ्यांचा कट्टा, मग पार. पोटऱ्या भरून यायच्या, पाय ओढवायचे नाहीत. बसली की दोन मिनिटांत मोकळी. आणि तीच आई सकाळी वाकून अख्खं अंगण झाडायची. थोरल्या भावाने तेवढंच धरलं. "झाडायला होतंय आणि देवळाला जायला होत नाही?" अहो, हेच तर लक्षण! मणक्यातली नसांची वाट अरुंद झाली की ताठ चालताना नसा दबतात, वाकलं की वाट जरा मोकळी होते. मिरजेच्या डॉक्टरांनी हे समजावलं तेव्हा आई त्यांच्यासमोरच रडली. दोन वर्षांनी कुणीतरी तिचं खरं मानलं होतं.

आधीच्या हॉस्पिटलात चार मणक्यांना स्क्रू आणि रॉड घालायचं ठरवलं होतं. मिरजेत हाडांची घनता तपासली तर हाडं ठिसूळ. अशा हाडात स्क्रू सैल पडतात. मणका सरकलेला नव्हता, म्हणून नुसता नसांवरचा दाब काढला आणि दुसऱ्या दिवशी धरून चालवलं.

त्या रात्री मात्र आईने सलाईनची सुई उपसली. वारलेल्या बाबांना हाका मारत होती, "गुरं बांधली काय हो?" मी घाबरून गेले. ऑपरेशननंतर म्हाताऱ्या माणसांना असा भ्रम होऊ शकतो हे आधी कुणी सांगितलं नाही, त्याचा राग मला अजून आहे. तीन दिवसांत ती सावरली. तुम्ही आजोबांचा चष्मा, कानाचं यंत्र जवळ ठेवा, रात्री घरचंच माणूस ठेवा.

पायाचं दुखणं गेलं. कंबर शेवटपर्यंत दुखत राहिली. पण पुढची चार वर्षं ती कुठेही न टेकता देवळाला गेली. भाऊ आजही म्हणतो, नशीब. मी म्हणते, वेळेत नेली असती तर सहा वर्षं चालली असती.

तुमच्या आजोबांचं वय बघू नका. हृदय, फुप्फुसं, साखर बघा, नीट जेवतात का, स्वतःचं स्वतः उठतात का ते बघा. खंगलेल्या माणसाला न्यूमोनिया, लघवीचं इन्फेक्शन, पायात रक्ताची गाठ, यातलं काहीही जड जातं. नुसती कंबर दुखत असेल तर ऑपरेशनने फार फरक पडत नाही, आणि ऐंशीच्या पुढे एमआरआयमध्ये झीज कुणाच्याही दिसते. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा, आपल्या मनाने बंद करू नका. मी डॉक्टर नाही, दुसऱ्या सर्जनचं मत घ्याच. पण लघवी-संडासवरचा ताबा जात असेल किंवा पाऊल उचलेनासं झालं असेल तर मतं गोळा करत बसू नका, त्याच दिवशी न्या.

आणि आजोबांना स्वतःला विचारलंत का? आम्ही बहीण-भाऊ दोन वर्षं भांडलो. आईला विचारलं ते मिरजेच्या डॉक्टरांनी. ती म्हणाली, "मारुतीपर्यंत चालता आलं तर करा."