नऊ दिवसांच्या बाळाला उताणं झोपवावं, कुशीवर की पालथं? घरात तिघांची तीन मतं आहेत.

तुम्ही लिहिलंय की बाळंतपणासाठी वर्तकनगरला माहेरी आहात. रुग्णालयातून निघताना ‘पाठीवरच झोपवा’ असं सांगितलं. आईला भीती वाटते की दूध वर आलं तर घशात अडकेल, म्हणून ती बाळाला कुशीवर वळवून मागे छोटा लोड लावते आणि डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी देते. ऐरोलीहून सासूबाई फोनवर सांगतात, पालथं घाल, गॅस सुटेल आणि गाढ झोपेल.

मी ठाण्यात नवजात बाळांच्या विभागात परिचारिका होते, आता निवृत्त आहे. माझं उत्तर एका शब्दाचं आहे: उताणं. रात्रीची झोप असो, दुपारची असो की मालिश-अंघोळीनंतरची छोटी डुलकी असो, पहिला वाढदिवस होईपर्यंत झोपवताना दर वेळी उताणंच.

आईची भीती आधी घेते, कारण ती मायेपोटी आलेली आहे आणि ऐकायला अगदी पटणारी आहे. बाळ उताणं असतं तेव्हा श्वासनलिका वरच्या बाजूला आणि अन्ननलिका तिच्या खाली असते. पोटातून वर आलेलं दूध श्वासनलिकेत जायचं तर त्याला वर चढावं लागतं. ते चढत नाही, परत खाली उतरतं किंवा ओठांच्या कडेने बाहेर येतं. बाळ पालथं असलं की हीच रचना उलटी होते. अन्ननलिका वर, श्वासनलिका खाली, आणि वर आलेलं दूध थेट तिच्या तोंडाशी. शिवाय निरोगी बाळ गिळतं, खोकतं, मान वळवतं. गुळणी टाकणाऱ्या बाळांनाही उताणंच झोपवतात. काही मोजक्या बाळांना जबड्याचा किंवा श्वासमार्गाचा जन्मजात दोष असतो, त्यांना डॉक्टर वेगळी पद्धत स्वतः सांगतात. आईंना ही रचना कागदावर काढून दाखवा. मी वॉर्डात आज्यांना अशीच दाखवायचे.

कुशीवर झोपवणं हा मधला मार्ग वाटतो, पण नवजात बाळ कुशीवर टिकत नाही. हात थोडा हलला, लोड सरकला की ते पोटावर कलंडतं, आणि तिथून मान उचलून परत वळायची ताकद त्याच्यात नसते. तो लोड नाकाला चिकटण्याचा धोका वेगळाच.

सासूबाईंचं म्हणणं एका अर्थी खरं आहे. पालथं बाळ खरोखर गाढ झोपतं. पण धोका त्या गाढपणातच आहे. श्वास कमी पडला की बाळाने जागं व्हायला हवं, रडायला हवं. पालथ्या बाळाचा तो जागं होण्याचा धागा सैल पडतो. तोंड गादीत असेल तर सोडलेलीच हवा ते पुन्हा आत घेतं, अंगातली उष्णताही बाहेर पडत नाही. एकेकाळी पाश्चात्त्य देशांतले डॉक्टरच पालथं झोपवायला सांगत. झोपेत, काहीही कारण न सापडता दगावणारी बाळं मोजली गेली, तेव्हा झोपेच्या स्थितीशी संबंध दिसला. ब्रिटनमध्ये १९९१ साली ‘पाठीवर झोपवा’ ही मोहीम झाली, अमेरिकेत १९९२ मध्ये बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तसा सल्ला दिला आणि १९९४ पासून देशभर प्रचार झाला. पुढच्या काही वर्षांत असे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. दूध घशात अडकून दगावणारी बाळं मात्र वाढली नाहीत. आईंना हे शेवटचं वाक्य जरूर वाचून दाखवा.

आता जे मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते. जे बाळ रोज उताणं झोपतं आणि एखाद्या दिवशी पालथं घातलं जातं, त्याला धोका रोज पालथं झोपणाऱ्या बाळापेक्षाही जास्त असतो. त्याला त्या स्थितीची सवय नसते, मान वळवून नाक मोकळं करणं त्याला जमलेलं नसतं. म्हणजे ‘आजच्या दुपारपुरतं घालते, किती रडतंय बघ’ ही दुपार सगळ्यात वाईट. आणि आपल्याकडे बाळाचे हात किती बदलतात ते बघा. जन्म माहेरी होतो. सव्वा महिन्याने किंवा तिसऱ्या महिन्यात बाळ सासरी जातं. तिथे नवी खोली, नवी गादी, नवी आजी, आत्या, काकू. झोपेतल्या अचानक मृत्यूंचं प्रमाण सगळ्यात जास्त असतं ते दोन ते चार महिन्यांच्या वयात. पुढे रजा संपते, बाळ पाळणाघरात किंवा सांभाळणाऱ्या मावशींकडे जातं, पुन्हा नवे हात. म्हणून नियम तुमच्या एकटीला माहीत असून भागणार नाही. बाळाला खाली ठेवणाऱ्या प्रत्येकाला तो माहीत हवा, मालिशवाल्या बाईंनासुद्धा. ऐरोलीला जायच्या आधी हे सासूबाईंशी तुमच्या नवऱ्याने बोलावं. सुनेने सांगितलं की ते ‘आम्ही काय मुलं वाढवली नाहीत का’ वर जातं, मुलाने सांगितलं की ऐकलं जातं. डॉक्टरांच्या पुढच्या भेटीला सासूबाईंना सोबत नेता आलं तर फारच छान.

तुमचं बाळ काही दिवस अतिदक्षता विभागात होतं असंही लिहिलंय. तिथे त्याला पोटावर ठेवलेलं तुम्ही पाहिलं असेल. वेळेआधी जन्मलेल्या बाळांना आम्ही तसं ठेवत असू, पण त्यांच्या अंगाला यंत्रं जोडलेली असतात आणि शेजारी चोवीस तास कोणीतरी जागं असतं. घरी आल्यावर त्याच बाळाला उताणं झोपवायचं. किंबहुना अशा बाळाच्या बाबतीत जास्तच काटेकोर राहायचं.

मोहरीची उशी काढून ठेवा. उशीमुळे हनुवटी छातीकडे वाकते आणि श्वासाची वाट अरुंद होते, शिवाय शिवण उसवली तर मोहरीचे दाणे बाळाच्या तोंडाशी येतात. डोकं चपटं होण्याची काळजी खरी आहे, पण तिच्यावर उपाय जागेपणी करायचा असतो. बाळ जागं असताना आणि तुम्ही समोर असताना त्याला पोटावर ठेवा. सुरुवातीला दोन-तीन मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. सात आठवड्यांचं होईपर्यंत दिवसभरात मिळून पंधरा ते तीस मिनिटं व्हायला हवीत. सासूबाईंची हौस इथे पूर्ण होऊ द्या, गॅसही सुटतो आणि मानही लवकर धरते. झोपवताना एक रात्र डोकं पलंगाच्या एका टोकाला, दुसऱ्या रात्री दुसऱ्या टोकाला ठेवा, म्हणजे बाळ प्रकाशाकडे बघताना आपोआप मान दोन्हीकडे वळवतं.

उताणं ठेवलं की दचकतं, ही तुमची तक्रार रास्त आहे. दोन्ही हात फेकून दचकणं नवजात बाळाचं नैसर्गिक असतं. पातळ सुती दुपट्यात गुंडाळा. छातीशी आपली दोन बोटं जातील इतपत घट्ट, कमरेशी सैल, पाय वाकवता येतील असं. चेहऱ्याजवळ टोक सुटं नको. बाळ वळायचा प्रयत्न करू लागलं, साधारण तीन-चार महिन्यांत, की गुंडाळणं बंद. पुढे ते आपणहून दोन्ही बाजूंनी पालथं-उताणं होऊ लागलं की झोपेत वळलं तरी तुम्ही उठून पलटवत बसू नका. ठेवायचं मात्र उताणंच.

गादी सपाट आणि टणक हवी. हाताने दाबून सोडल्यावर खड्डा राहिला तर ती बाळाची गादी नव्हे. जांभळी नाक्याच्या बाजारात उशी, दोन लोड आणि छत्रीसारखी जाळी असा जो गादीसंच मिळतो, तो बारशाला तुमच्याकडेही येईल. त्यातले उशी आणि लोड बाजूला काढा. जाळी ताणलेली राहत असेल तर वापरा, डासांसाठी कॉइल लावण्यापेक्षा जाळी कधीही चांगली. बारशाचा पाळणा सपाट तळाचा असेल तर चालेल, फक्त फुलं, चिमणाळं आणि भेटीतली खेळणी कार्यक्रम झाल्यावर काढा. साडीची झोळी मात्र झोपायला नको. तिच्यात बाळ धनुष्यासारखं वाकतं आणि कापड तोंडावर येतं. गळ्यात काळा दोरा असेल तर तो पायात बांधा.

ठाण्याच्या दमट हवेत टोपडं, कुंची आणि वर गोधडी हे जास्त होतं. आपण जे घालतो त्याहून एक थर जास्त, एवढं पुरे, झोपताना डोकं उघडं. हातपाय गार लागले म्हणून घाबरू नका, मानेमागे हात लावून बघा. तिथे घाम असेल तर कपडे कमी करा. शेकाची शेगडी आणि धुरी बाळाच्या खोलीत बंद दाराआड नको. घरात कोणी सिगरेट-विडी ओढत असेल तर त्याला स्पष्ट सांगा, कारण धूर हा स्वतंत्र धोका आहे.

राहिला बाळाला तुमच्याच पलंगावर घ्यावं का हा प्रश्न. वन बीएचकेमध्ये पाळण्याला जागा नाही, हे मला माहीत आहे. सर्वांत सुरक्षित म्हणजे तुमच्याच खोलीत, हाताच्या अंतरावर, बाळाची वेगळी जागा. जमिनीवर तुमच्या गादीशेजारी पातळ टणक गादी घातली तरी चालते, पडायची भीतीच नाही. बाळ ३७ आठवड्यांच्या आधी जन्मलेलं किंवा अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं असेल, पलंगावर कोणी दारू पिऊन किंवा झोप आणणारं औषध घेऊन झोपत असेल, किंवा शेजारचं माणूस धूम्रपान करत असेल, तर एका गादीवर अजिबात नको. आणि पहाटे तीन वाजता पाजताना डोळे मिटायला लागले तर सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत कधीही बसू नका. बाळ तुमच्या आणि सोफ्याच्या पाठीच्या मधल्या फटीत सरकतं. पाजायच्या आधीच पलंगावरच्या उशा आणि चादर दूर करा, म्हणजे डोळा लागलाच तरी धोका कमी राहील. जाग आली की बाळाला त्याच्या जागी उताणं ठेवा. सिझेरियन झालं असेल तर हे ठेवा-उचलायचं काम नवऱ्याने करायचं.

पाजल्यावर दहा-पंधरा मिनिटं उभं धरून ढेकर काढा, मग झोपवा. थोडी गुळणी येणं नेहमीचं आहे. हिरवी उलटी, जोराने दूरवर उडणारी उलटी, दूध ओढायला नको म्हणणं, शांत असताना मिनिटाला साठहून जास्त श्वास, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडणं यांपैकी काही दिसलं तर सकाळची वाट न बघता बालरोगतज्ज्ञांकडे न्या. ओठ निळे पडले तर लगेच १०८ ला फोन करा.