खोडलेले तीन आकडे

प्रिय बाळ,

परवा तू वही उघडलीस तेव्हा तीन आकड्यांवर आडव्या रेघा होत्या. एम२५ काँक्रीटचा स्थितिस्थापकता गुणांक, म्हणजे भाराखाली ते किती ताठ राहतं त्याचं माप, सूत्राप्रमाणे २५,००० (न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर) यायला हवा, तुझ्या तीन सिलिंडरचा २१,०००च्या आसपास आला. "सर, माझंच टेस्टिंग चुकलं असणार, हे काढून टाकू?" एवढं विचारून तू गप्प बसलीस. तो चेहरा डोळ्यांपुढून जाईना, म्हणून हे पत्र.

सूत्र कुठलं, तर नोट्समधलं. नोट्समध्ये कुठून आलं, ते तुला ठाऊक नाही. मूळ बघ. आयएस ४५६ची, म्हणजे काँक्रीटच्या भारतीय मानकाची, २०००ची आवृत्ती काढ, कलम ६.२.३.१. एफसीकेच्या, म्हणजे काँक्रीटच्या ठरलेल्या दाबताकदीच्या (एम२५ला २५), वर्गमूळाला ५००० नं गुणायचं, हे तिथे आहेच. पण त्याच कलमात पुढे म्हटलंय की प्रत्यक्ष मोजलेली किंमत २० टक्क्यांनी कमी-जास्त येऊ शकते. म्हणजे २०,००० ते ३०,०००. तुझे तिन्ही आकडे त्यात बसतात! नोट्स काढणाऱ्यानं सूत्र उचललं, ती ओळ गाळली, आणि तू स्वतः घेतलेलं मोजमाप खोडून मोकळी झालीस. संताप तुझ्यावर कमी, या उसनवारीवर जास्त.

हे मी कोणत्या तोंडानं सांगतोय, तेही ऐक. माझं एम.ई. २००२चं. एका सीनियरच्या प्रबंधातून मी सूत्रातल्या ५०००च्या जागी ५७०० हा आकडा जसाच्या तसा घेतला. तो होता १९७८च्या आवृत्तीतला, आणि नवी आवृत्ती तर आली होती. कॉलेजच्या लायब्ररीत ती कुलूपबंद कपाटात होती, नुसती मागायची होती. मी मागितली नाही. सबमिशनला आठवडा उरला होता आणि ग्रंथपालबाईंची भीती वाटायची, बस, एवढंच कारण. एम२५ला गुणांक २८,५०० धरला गेला आणि सगळी डिफ्लेक्शन्स, म्हणजे भाराखालचे बाक, सुमारे १२ टक्क्यांनी कमी निघाली. परीक्षकांच्याही ध्यानात आलं नाही. तो प्रबंध अजून त्या फडताळात आहे. त्यातून पुढे कुणी काय उचललं असेल, या विचारानं आजही झोप उडते.

म्हणून मूळ बघ. पाण्याचं आणि सिमेंटचं प्रमाण आलं की जो तो डफ एब्रम्सचं नाव टाकतो, त्या प्रमाणावरून काँक्रीटची ताकद सांगणारा नियम त्यानं १९१८च्या पुस्तिकेत मांडला म्हणून. शिकागोहून निघालेली ती पुस्तिका किती जणांनी उघडली असेल? त्यात हे प्रमाण आकारमानाचं आहे, आपण आज वजनाचं धरतो. न वाचता त्याचे स्थिरांक आपल्या गणितात घातले तर उत्तर फसणारच.

या आठवड्यात गणेशखिंडीला जा, पुणे विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात. अभ्यासिकेत जागा धरायला नव्हे, ग्रंथपालांशी बोलायला. काय हवंय ते वर्षासकट, खंडासकट सांग. तिथे नसेल तर आंतर-ग्रंथालय देवघेवीनं मागवता येतं का विचार. लाजू नकोस, ते त्यांचं कामच आहे. पुस्तकं ड्यूई पद्धतीनं, म्हणजे विषयवार क्रमांकांनी, लावलेली असतील तिथे काँक्रीट एका रांगेत सापडत नाही: संरचना ६२४ला, पदार्थाचे गुणधर्म ६२०.१ला, बांधकाम साहित्य ६९१ला. तिन्हीकडे उभी राहा, शेजारची पुस्तकंही चाळ. शोधगंगेवरचे, म्हणजे भारतीय विद्यापीठांच्या ऑनलाइन संग्रहातले, प्रबंध जरूर वाच, पण ते वाटाड्यासारखे वापर. त्यांच्या संदर्भसूचीवरून मागे मागे जात मूळ गाठ.

मला डिपार्टमेंटमध्ये हटवादी म्हणतात. एका पेपरवरून मी माझं नाव काढून घेतलं होतं, कारण त्यातले निम्मे संदर्भ आमच्यापैकी कुणीच वाचलेले नव्हते. त्यापायी बढती लांबली, घरीही बोलणी खाल्ली. मी तेव्हा बरोबर होतो. आज तीच वेळ आली तर पुन्हा तेच करीन, आणि हे तुला समजावं अशी माझी फार इच्छा आहे.

सोमवारी ये. वही आण, त्या रेघांखालचे आकडे अजून वाचता येतात. क्युरिंग किती दिवस झालं, लोड कोणत्या वेगानं दिला, हे लिहून आण. आयएस ५१६ची, म्हणजे काँक्रीटच्या चाचण्यांच्या मानकाची, प्रतही आण, नोट्स नकोत. आपण दोघं मिळून ते आकडे पुन्हा तक्त्यात घालू.

तुझे,
सर